सत्तावीस फरश्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘बुटिक’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो आमच्या सांगलीत, एका ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंच्या दुकानावर. त्यामुळे मुंबईच्या कविसंमेलनाच्या संयोजकांनी फोनवर सांगितलं, ‘तुमची व्यवस्था कुलाब्याच्या एका बुटिक हॉटेलात केलीय,’ तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी फॉल-पिको आणि मोत्यांची लेस आली. मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘अब्बा, बुटिक हॉटेल म्हणजे लहान हॉटेल. खोल्या कमी, पण प्रत्येक खोली वेगळी. जुन्या इमारतीत, जुन्या वस्तू ठेवून सजवलेलं.’ मी म्हटलं, ‘जुनी इमारत, जुन्या वस्तू आणि खोल्या कमी, म्हणजे आपलंच घर की!’ ती हसली. पण खोलीचं एका रात्रीचं भाडं तिनं सांगितलं, तेव्हा आमचं हसणं थांबलं.

पुढं थोडी माहिती काढली. या प्रकारच्या हॉटेलांची सुरुवात लंडन-न्यूयॉर्ककडची. लंडनचं ‘ब्लेक्स’ हे १९७८ सालचं. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर या दोघांनी १९८४ साली ‘मॉर्गन्स’ नावाचं हॉटेल काढलं. इतर मोठी हॉटेलं जर सगळा माल एका छपराखाली विकणाऱ्या दुकानांसारखी असतील, तर आमचं हे निवडक मालाचं छोटं दुकान आहे, अशा अर्थानं रुबेलनं ‘बुटिक’ हा शब्द वापरला असं सांगतात. फ्रेंच भाषेत बुटिक म्हणजे साधं दुकान. म्हणजे आमच्या ब्लाऊजवाल्या बाई काही चुकल्या नव्हत्या.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी साडेसातच्या सुमारास मुंबईत उतरलो. टॅक्सी करून कुलाब्याला गेलो. हमरस्त्यावर एवढी वर्दळ, की टॅक्सीचं दार उघडायलाही जागा मिळेना. पण हॉटेल आतल्या गल्लीत होतं. खाली एक जुनं दुकान, शेजारी लाकडी जिना. वर गेलो, तर काउंटर नाहीच. शिसवी टेबलामागं एक मुलगी बसलेली. तिनं ओळखपत्र पाहिलं, हसून स्वागत केलं आणि सांगितलं, ‘सर, चेक-इन दोन वाजता.’

रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला पाहुणा व्हायला अजून सहा तास आहेत, हे ऐकून जरा गंमत वाटली. पण मुलगी समजूतदार होती. तिनं बॅग ठेवून घेतली, तोंड धुवायला जागा दाखवली, चहा दिला. चहा तारेच्या स्टँडमधल्या छोट्या ग्लासात, मस्जिद बंदरला टपरीवर मिळायचा अगदी तसा. फरक एवढाच, की ग्लासाखाली कापडी नॅपकिन होता.

सहा तास काय करायचं? मी मुंबईला निघालो, की मनात एक जागा असतेच. डोंगरीतली चाचांची खोली. ठरवलं, तिकडे जाऊन यायचं.

वाटेत काळा घोड्यापाशी उतरलो. तिथं एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक जुनाट, लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. हे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. एकोणिसाव्या शतकात त्याचं लोखंडी सामान इंग्लंडहून बोटीनं आणून इथं जोडलं होतं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथंच. हॉटेल चालेनासं झाल्यावर त्याच्या खोल्यांचे गाळे पडले. वकिलांची कार्यालयं आली, भाडेकरू आले. २०१९ साली इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. मुंबईत इमारतींनाही माणसांसारखंच पोटासाठी रूप बदलावं लागतं. इथं हॉटेलाच्या खोल्या झाल्या होत्या, आणि मी उतरलो होतो तिथं खोल्यांचं हॉटेल झालं होतं.

तिथून बसनं क्रॉफर्ड मार्केट. तिथंच सरदारगृह. लोकमान्य टिळक मुंबईत आले की उतरायचे ते या सरदारगृहात, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथंच. एवढा मोठा माणूस, पण या शहरात पाहुण्यासारखाच उतरला आणि पाहुण्यासारखाच गेला. जवळच साबू सिद्दीक मुसाफिरखाना. जहाजानं हजला जाणारे गावोगावचे यात्रेकरू पूर्वी वळकट्या घेऊन इथं उतरायचे. मुंबईहून हजची जहाजं सुटायची ती १९९५ पर्यंत. धोबी तलावाच्या बाजूला गोव्याच्या दर्यावर्दींचे ‘कुड’, सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा, आणि गिरणगावात कोकणातल्या एकेका गावानं घेतलेल्या सामाईक खोल्या. बाहेरून येणाऱ्याला पाठ टेकण्यापुरती जागा देण्याची या शहराची ही जुनी रीत. या जागांना आपण कधी हॉटेल म्हटलं नाही, एवढंच.

डोंगरीत चाचांची खोली असलेल्या गल्लीत शिरलो. पानवाला तोच होता, म्हणजे त्याचा मुलगा. पुढं मात्र निळे पत्रे लावलेले. इमारत पाडली होती. पत्र्यांच्या फटीतून पाहिलं, तर नुसता खड्डा आणि त्यात साचलेलं हिरवं पाणी. तिसरा मजला जिथं होता, तिथं आकाश होतं.

ती खोली तुम्हाला सांगायला हवी. माझे चाचा मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका पेढीवर तोलाईदार होते. सांगलीची हळद पोत्यांनी यायची, ती हे तोलायचे. त्यांच्या शर्टाच्या काजाला आणि नखांच्या कडांना कायम पिवळा रंग. आमच्या भागातल्या माणसांनी मिळून डोंगरीत एक खोली ठेवली होती. राहणारे अकरा. १९४७ सालच्या कायद्यानं भाडी गोठलेली. त्या कायद्याच्या नावातच घरभाडं, हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे तिन्ही एकत्र होतं, आणि आमची खोली यांपैकी नेमकी काय होती, हे मालकालाही सांगता आलं नसतं. भाडं अकराजणांत वाटून घ्यायचं आणि उरलेल्या पगारातून गावी मनीऑर्डर करायची, हा शिरस्ता. माझ्या कॉलेजची फी याच मनीऑर्डरींतून भरली गेली. दर महिन्याला पोस्टमन यायचा, अम्मी अंगठा उठवायची. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर चाचा दरवेळी एकच ओळ लिहून घ्यायचे, ‘लडके की फीस पहले भरना.’

१९८९ साली बी.ए. झालो आणि नोकरी शोधायला मुंबईला आलो. त्या खोलीत मी बारावा.

खोली दहा फूट बाय बारा फूट. खाली रंगीत सिमेंटच्या फरश्या. तांबड्या रंगावर आठ पाकळ्यांचं पिवळं फूल, कडेला काळी चौकट. फरशी आठ इंची. रिकामपणी मी मोजल्या होत्या. एका बाजूला १५, दुसऱ्या बाजूला १८, एकूण २७०. मोरी, दार आणि स्टोव्हचा कोपरा यांत ५४ जायच्या. उरल्या २१६. प्रत्येक माणसाला रुंदीला तीन आणि लांबीला नऊ, म्हणजे सत्तावीस फरश्या. दोन फूट बाय सहा फूट. या हिशेबानं रात्री आठ माणसं झोपत. उरलेल्या तिघांची रात्रपाळी. ते सकाळी येऊन त्याच जागांवर पडत.

पहिल्या रात्री चाचांनी चटई अंथरली, तीन फरश्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘इत्ती अपनी हद. पाँव मोड के सो, बाबा.’ मी झोपलो. ते चादर घेऊन बाहेर गॅलरीत गेले. म्हणाले, ‘मुझे अंदर घबराट होती है. बाहर हवा आती है.’

मी आठ महिने तिथं होतो. त्यांत अख्खा पावसाळा होता. गॅलरीत पाऊस आत यायचा, हे मी रोज पाहत होतो. तरी वर्षानुवर्षं आत झोपलेल्या माणसाला मी आल्याच्या रात्रीच घबराट कशी सुरू झाली, असं मला एकदाही वाटलं नाही. वय एकवीस होतं आणि कविता करत होतो. वहीत त्या काळातल्या चंद्रावरच्या सात कविता आहेत, गॅलरीवरची एकही नाही. पुढं सांगलीला एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली आणि मी परतलो. चाचा पुन्हा आत झोपू लागले, हे बऱ्याच वर्षांनी खोलीतल्या दुसऱ्या माणसाकडून सहज बोलताना कळलं.

मसाल्याचा घाऊक बाजार नंतर वाशीला गेला. चाचा काही वर्षं लोकलनं वाशीला जात राहिले. मग थकले आणि गावी आले. आम्ही त्यांच्यासाठी मोठा पलंग केला. दोन माणसांचा, सागवानी. चाचा त्या पलंगाच्या एका कडेला, पाय मुडपून, दोन फुटांत झोपायचे. उरलेला पलंग तसाच मोकळा. अम्मी म्हणायची, ‘अरे, हातपाय पसरा की.’ ते म्हणायचे, ‘इत्ती बस है.’ शेवटपर्यंत तसेच झोपले.

पत्र्यांपाशी मी हे आठवत उभा होतो. पानवाल्यानं विचारलं, ‘किसको ढूँढ रहे हो?’ मी म्हटलं, ‘किसी को नहीं.’ आणि परत फिरलो.

दोन वाजता हॉटेलात पोचलो. मुलीनं हसतमुखानं किल्ली दिली. एक पोरगेला रूमबॉय माझी बॅग घेऊन पुढं निघाला. त्यानं दार उघडलं. पितळी नळ, काळ्या गोल बटणांचा विजेचा बोर्ड, आरामखुर्ची, गोल आरशाचं टेबल. मी मात्र खाली पाहत राहिलो. तांबड्यावर आठ पाकळ्यांचं पिवळं फूल, कडेला काळी चौकट.

रूमबॉयला वाटलं, फरशीवर काही सांडलंय. त्यानं वाकून पाहिलं. ‘साफ केलीय सर, सकाळीच.’

संध्याकाळी संमेलनाला निघताना मी टेबलापाशी त्या मुलीला फरशीबद्दल विचारलं. तिला आनंद झाला. म्हणाली, ‘ही आमची खासियत आहे. इमारत ताब्यात घेतली तेव्हा यावर लिनोलियम होतं, काही ठिकाणी सिमेंट थापलेलं. कामगारांनी कित्येक महिने हातानं खरवडून काढलं.’ या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, त्यावर साधं सिमेंट घालून यंत्रानं दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर चांगला जाड असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाय घासले तरी फूल पुसलं जात नाही. पूर्वी अशा फरश्या परदेशातून यायच्या. १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स या कंपनीनं त्या स्वदेशी म्हणून बनवायला घेतल्या. विलायती फरशीला देशी उत्तर! मग बंगल्यांत, इराण्यांच्या हॉटेलांत, आणि चाळींतही या फरश्या दिसू लागल्या.

मी विचारलं, ‘सगळ्या इथल्याच?’

‘नाही सर. ज्या फुटल्या होत्या, त्यांच्या जागी तशाच जुन्या मिळवून बसवल्या. पाडलेल्या चाळींचं सामान विकायला येतं ना, त्यातून.’

यापुढं मी काही विचारलं नाही. मुंबईत पाडलेल्या चाळी हजारो, आणि हे फूलही हजारो खोल्यांत असणार. माझ्या खोलीतली एखादी फरशी डोंगरीहून आली असेल, असं म्हणायला मला काहीच आधार नाही. नाही, असं म्हणायलाही नाही.

संमेलनात कविता वाचल्या. टाळ्या मिळाल्या. परत आलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हमरस्त्यावर अजून हॉर्न वाजत होते. खोलीत मात्र आवाज दुरून, पाण्याखालून यावा तसा येत होता. नमाज पढलो. पलंग पाहिला. चौघं झोपतील एवढा. पांढरीशुभ्र चादर, सहा उशा. सहा उशांचं एका माणसानं काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मनात संताप येऊ पाहत होता, तो लपवत नाही. जिथं माणसं पाय मुडपून झोपली, ती फरशी आता ‘खासियत’ झाली. तिच्या एका रात्रीचं भाडं चाचांना वर्षाच्या पगारातही देता आलं नसतं. पण तेवढ्यात दुसराही विचार आला. बाकीच्यांनी काय केलं? मालकानं इमारत पाडली, आम्ही भाडेकरूंनी सह्या केल्या. सांगलीतल्या माझ्या स्वतःच्या घरात मी जुनी शहाबादी काढून चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या, आणि वास्तूला दोनशे माणसं जेवायला घातली. हे फूल कुणी खरवडून, पुसून, जपून ठेवलं असेल, तर ते या हॉटेलवाल्यांनी. पैशासाठी ठेवलं, कबूल. पण ठेवलं. मी तर कवितेतही ठेवलं नव्हतं.

मग मी पलंगावरची जाड रजई ओढली, फरशीवर अंथरली. रुंदीला तीन, लांबीला नऊ मोजल्या. आणि पडलो.

श्रोतेहो, खरं सांगतो, झोप फार वाईट लागली. गुडघे आता मुडपत नाहीत. पाय दहाव्या फरशीवर जात होता, हात चौथीवर. एसीची हवा नेमकी जमिनीलगत येत होती. कमरेला रग लागली. आणि कितीही प्रयत्न केला तरी ती खोली काही परत येईना. कारण त्या खोलीत फरशी नव्हतीच मुळी. होते ते शेजारच्याचे श्वास, बिडीचा वास, हळदीचा वास. आणि बाहेर, दारापलीकडे, माझ्यासाठी भिजत पडलेला एक माणूस. त्याच्या जागेवर मी तेव्हाही झोपलो होतो आणि आताही मीच झोपलो होतो. आठवण काढायचीच होती, तर मला गॅलरीत झोपायला हवं होतं.

पहाटे कधीतरी डोळा लागला. सकाळी दार वाजलं. तो रूमबॉय चहा घेऊन आला होता. त्यानं पलंग पाहिला, एकही सुरकुती नसलेला. मग खालची रजई पाहिली. त्याचा चेहराच उतरला.

‘सर, गादीत काही होतं का? ढेकूण-बिकूण?’

‘नाही रे. गादी छान आहे.’

‘मग खाली का झोपलात? मॅडमना कळलं तर मला विचारतील. खोली माझ्याकडे आहे.’

त्याला कसं सांगणार? तरी थोडक्यात सांगितलं. चाचा, खोली, फरश्या. तो ट्रे हातात घेऊन ऐकत होता. बीड जिल्ह्यातला होता. मी विचारलं, ‘तू राहतोस कुठं?’

‘नालासोपाऱ्याला. सात जण आहोत एका खोलीत. दोन पाळ्यांत झोपतो.’

‘फरशीवर?’

तो हसला. आता ‘सर’ गळून पडलं होतं. म्हणाला, ‘काका, गादी मिळाली असती तर आम्ही फरशीवर कशाला झोपलो असतो?’

या वाक्यावर मला उत्तर नव्हतं. छत्तीस वर्षं उशिरा का होईना, चाचांच्या वतीनं कुणीतरी मला हे सांगायलाच हवं होतं. फरशीवरच्या फुलाचं कौतुक करायला आधी पाठीखाली गादी असावी लागते. ज्याला ती नसते, त्याला थंडीत त्या फुलाचा गारवा तेवढा कळतो.

मी उठलो. रजई झटकून पलंगावर टाकली. आणि त्याच्यासमोर, सगळ्या उशा घेऊन, पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून चांगला अर्धा तास पडलो. अशा पलंगावर चाचा कसे झोपले असते, याचा विचार मनात आला. कडेलाच, पाय मुडपून. म्हणून मी मुद्दाम मधोमध पडलो. मुलगा समाधानानं म्हणाला, ‘आता कसं!’

निघताना त्या मुलीनं अभिप्रायाची वही पुढं केली. आधीच्या पाहुण्यांनी इमारतीबद्दल, नाश्त्याबद्दल इंग्रजीत सुरेख लिहिलं होतं. कवी म्हटल्यावर तिची माझ्याकडून काहीतरी अपेक्षा असणार. मी मराठीत लिहिलं, ‘गादी उत्तम. खोली सांभाळणारा मुलगा उत्तम. फरश्या अशाच जपा.’ खाली सही केली. मुलीनं वाचून मान डोलावली. तिला बहुधा जरा कोरडं वाटलं असावं.

रात्रीच्या महालक्ष्मीनं परत निघालो. वरचा बर्थ होता. चादर घालताना सहज वितीनं मोजला. दोन फूट रुंद, सहा फूट लांब. कल्याणच्या आतच झोप लागली, ती सांगलीपर्यंत.